मुलाच्या दम्याचं महागडं इंजेक्शन: पैसे मोडण्याआधीचा हिशेब

ज्या घरात दम्याचं मूल आहे, त्या घराला गळीत हंगाम सुरू झाल्याचं वेगळं सांगावं लागत नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी या कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्या, तुटलेल्या फडात पाचट पेटलं, रात्री गारठा उतरला, की मुलाची छाती वाजायला लागते. मग मध्यरात्री मोटारसायकलवर दोघांच्या मधे मूल धरून दवाखाना गाठायचा, वाफ द्यायची, दोन दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. अशी दोन-तीन वर्षं काढलेल्या आईवडिलांना पुण्याच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात नवा शब्द ऐकायला मिळतो: बायोलॉजिक. महिन्यातून एकदा किंवा दोनदा टोचायचं इंजेक्शन. एका वेळचा खर्च हजारांत, आणि किती वर्षं घ्यायचं याचं पटकन उत्तर नाही.

माझं मत आधीच सांगतो. ज्या थोड्या मुलांना हे औषध खरोखर लागतं, त्यांच्यासाठी ते मोलाचं आहे. वर्षातून चार-पाच वेळा ॲडमिट होणारं मूल त्यामुळे नियमित शाळेत जाऊ शकतं. पण दावणीची गाय विकण्याआधी किंवा आईचे दागिने गहाण टाकण्याआधी काही गोष्टींची खात्री झालीच पाहिजे, आणि ती खात्री एका इंजेक्शनच्या खर्चाहून पुष्कळ कमी पैशांत होते.

मूल सहा वर्षांचं झालं आहे का?

हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारा, कारण त्याला पैसे पडत नाहीत. सहा वर्षांखालच्या मुलांच्या दम्यासाठी मान्यता मिळालेलं एकही बायोलॉजिक औषध आज नाही. यातलं सगळ्यांत जुनं औषध ओमालिझुमॅब. अमेरिकेत २००३ मध्ये त्याला १२ वर्षांपुढच्या रुग्णांसाठी परवानगी मिळाली आणि सहा वर्षांच्या मुलापर्यंत यायला २०१६ साल उजाडलं. मेपोलिझुमॅबला सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी २०१९ मध्ये, ड्युपिलुमॅबला २०२१ मध्ये आणि बेनरालिझुमॅबला २०२४ मध्ये तिथे मान्यता मिळाली. भारतातल्या परवान्यात प्रत्येक औषधाचं वय वेगळं असू शकतं. औषधाच्या खोक्यातल्या माहितीपत्रकात ते छापलेलं असतं. डॉक्टरांना ती ओळ दाखवायला सांगा. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

कुणी सांगेल, ‘हे तर अगदी लहान बाळांनाही देतात.’ ते अर्धं खरं आहे. ड्युपिलुमॅब अमेरिकेत सहा महिन्यांच्या बाळालाही देता येतं, पण इसबासाठी. ओमालिझुमॅब एक वर्षाच्या मुलाला देता येतं, पण अन्नाच्या ॲलर्जीसाठी. आजार बदलला की वयाची अटही बदलते.

तीन-चार वर्षांच्या मुलाची छाती सर्दी झाली की दरवेळी वाजते म्हणून त्याला कायमचा दमा आहे असं लगेच ठरत नाही. या वयात पुष्कळदा तो विषाणूचा परिणाम असतो, आणि यातली बरीच मुलं शाळेत जायच्या वयापर्यंत त्यातून बाहेर पडतात. अशा मुलाला चांगला बालरोगतज्ज्ञ, योग्य पंप आणि थोडा धीर लागतो. त्याच्यासाठी इंजेक्शनचा खर्च करू नका.

पंपाची बिलं मोजा

‘औषध देऊनही दमा आटोक्यात येत नाही’ असं म्हणणाऱ्या घरात मी आधी पंपाची बिलं मागेन. हिशेब साधा आहे. प्रतिबंधक पंपात साधारण १२० किंवा २०० फवारे असतात. तो आकडा पंपावर छापलेला असतो. डॉक्टरांनी सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन फवारे सांगितले असतील, तर १२० फवाऱ्यांचा पंप ३० दिवसांत संपायला हवा. म्हणजे वर्षाला १२ पंप. घरात पाचच बिलं निघाली तर मुलाला निम्मंही औषध मिळालेलं नाही. अशा मुलाचा दमा औषधाला दाद देत नाही असं म्हणणं चुकीचं आहे. त्याच्यापर्यंत औषध पोचलेलंच नाही.

यात आईवडिलांना दोष देऊन भागत नाही. ‘पंपाची सवय लागते’, ‘एवढ्या लहान पोराला स्टिरॉइड?’ हे आजी, शेजारी आणि कधी कधी मेडिकलवालाही सांगतो. पंपातून जाणारं औषध अगदी थोडं असतं आणि थेट श्वासनलिकेत जातं. उलट दर झटक्याला पाच-पाच दिवस प्रेडनिसोलोनच्या गोळ्या किंवा सिरप द्यावं लागलं, तर वर्षभरात मुलाच्या अंगात जाणारं स्टिरॉइड कितीतरी जास्त होतं. पंप चुकवल्याची किंमत मूल अशी मोजतं.

दुसरी गोष्ट स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधे धरायचं पोकळ नळकांडं. लहान मुलाने पंप थेट तोंडात धरला तर बहुतेक औषध घशात आणि जिभेवर राहतं. तीनशे ते सातशे रुपयांना मिळणारा प्लास्टिकचा स्पेसर आणि चार वर्षांखालच्या मुलासाठी त्याला मास्क, ही या सगळ्या खर्चातली सर्वांत फायद्याची खरेदी. तेवढेही पैसे नसतील तर अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीच्या तळाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून स्पेसर करता येतो. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी दम्याच्या मुलांवर हे तपासलं आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलं, बाटलीने चांगलं काम केलं होतं. बाटली डॉक्टरांना दाखवूनच वापरा. पंप हलवायचा, एका वेळी एकच फवारा, मुलाने पाच-सहा श्वास शांतपणे घ्यायचे, मग दुसरा फवारा, शेवटी चूळ. स्पेसर आठवड्याला साबणाच्या पाण्याने धुवा आणि पुसू नका, तसाच वाळू द्या. पुसल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतच चिकटतं. पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा पंप आणि स्पेसर बरोबर न्या आणि मुलाला डॉक्टरांसमोर घ्यायला लावा. पद्धत चुकत असेल तर पाच मिनिटांत कळतं.

साधारण खर्च असा धरा: रोजचा प्रतिबंधक पंप महिन्याला तीनशे ते पाचशे रुपये, झटक्याच्या वेळचा साल्ब्युटामॉलचा पंप त्याहून स्वस्त आणि बरेच महिने पुरणारा. जनऔषधी केंद्रात चौकशी केली तर त्यातही बचत होते. प्रतिबंधक पंपातलं ब्युडेसोनाइड आणि झटक्याच्या वेळचं साल्ब्युटामॉल ही दोन्ही औषधं २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, त्यामुळे त्यांच्या किमतीवर सरकारची मर्यादा आहे. बायोलॉजिक औषधं त्या यादीत नाहीत. त्यांची छापील किंमत कंपनी दरवर्षी १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. तीन वर्षांचा हिशेब करताना ही वाढ धरा.

आता घरातली हवा. चुलीचा धूर, घरात ओढलेली विडी-सिगारेट, उशापाशी लावलेली मच्छर कॉइल. एक कॉइल जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, असं २००३ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात मोजलं गेलं आहे. कालव्याकाठच्या आणि उजनीच्या जलाशयाकाठच्या गावांत डास खूप, म्हणून कॉइल रोजची. मच्छरदाणी दोन-चारशे रुपयांत येते. पाचट न जाळता शेतातच कुजवणारे शेतकरी बारामती आणि इंदापूर या आपल्या दोन्ही तालुक्यांत आहेत. शेजारच्या फडाचा मालक ओळखीचा असेल तर मुलाची अवस्था त्याला सांगा. गावात असं सांगितलेलं माणसं ऐकतात.

मृग लागला की दम्यासाठी माशाचं औषध घ्यायला हैदराबादला जाणारी कुटुंबंही आपल्याकडे आहेत. जायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण त्यासाठी पंप एक दिवसही बंद करू नका.

तपासण्या आणि त्यांचा क्रम

हे सगळं तीन-चार महिने नीट करूनही मूल रात्री खोकत उठत असेल, झटके येत असतील, भरती करावं लागत असेल, तर बायोलॉजिकचा विचार रास्त आहे. त्याआधी लागणाऱ्या तपासण्या महाग नाहीत. रक्ताची साधी तपासणी आणि त्यात इओसिनोफिल पेशींचा आकडा, एकूण आयजीई (ॲलर्जीत वाढणारं रक्तातलं प्रथिन), छातीचा एक्स-रे, आणि मूल फुंकर नीट मारू शकत असेल तर स्पायरोमेट्री. खासगीत हे सगळं मिळून साधारण दोन ते चार हजारांत बसतं. बारामतीत पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१९ पासून सुरू आहे. तिथल्या बालरोग विभागात आधी दाखवा. पुण्याला जायचंच असेल तर इथून लिहून घेतलेली चिठ्ठी आणि आधीचे सगळे कागद घेऊन जा, म्हणजे त्याच तपासण्या पुन्हा कराव्या लागणार नाहीत.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. पोटात जंत असले तरी इओसिनोफिल आणि आयजीई वाढतात. आपल्याकडे उघड्या पायांनी शेतात फिरणाऱ्या मुलांमध्ये हे होतंच. नुसता वाढलेला आकडा पाहून ‘ॲलर्जीचा दमा’ असं ठरवू नये. जंतांचं औषध आधी झालं आहे का, हे डॉक्टरांना सांगा. आयजीई इंजेक्शन सुरू करण्यापूर्वीच मोजायला हवं. ओमालिझुमॅब सुरू झालं की रक्तातलं एकूण आयजीई वाढतं आणि मग तो आकडा डोस ठरवायला उपयोगी पडत नाही. तो कागद जपून ठेवा.

एका व्हायलचा भाव पुरेसा नाही

फोनवर ‘इंजेक्शन केवढ्याला?’ असं विचारून मिळणारं उत्तर फसवं असतं. ओमालिझुमॅबचा डोस मुलाचं वजन आणि आयजीई यांच्या तक्त्यावरून ठरतो. व्हायल साधारणपणे १५० मिलिग्रॅमची असते. वजन २० किलोपेक्षा कमी असेल किंवा आयजीई तक्त्याच्या बाहेर असेल, तर हे औषध त्या मुलासाठी नाही.

२२ किलोचं, आयजीई २५० असलेलं मूल घ्या. त्याला दर चार आठवड्यांनी १५० मिलिग्रॅम, म्हणजे एक व्हायल. चार आठवडे म्हणजे महिना नव्हे. वर्षाचे ५२ आठवडे, म्हणून १३ डोस. तेवढ्याच वजनाच्या, पण आयजीई ५५० असलेल्या मुलाला दर वेळी ३०० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे वर्षाला २६ व्हायल. निव्वळ हिशेबासाठी समजा एक व्हायल १५ हजारांना पडली: पहिल्या घराचा वर्षाचा औषधखर्च १ लाख ९५ हजार, दुसऱ्या घराचा ३ लाख ९० हजार. वजन एकच, आजार एकच, खर्च दुप्पट. आणि २२५ मिलिग्रॅमचा डोस निघाला तर दीड व्हायल लागते, उरलेली अर्धी टाकून द्यावी लागते. ७५ मिलिग्रॅमचं वेगळं पॅक मिळतं का, ते आधीच विचारा. मूल वाढतं, वजन वाढतं, त्याप्रमाणे डोसही वाढू शकतो.

म्हणून डॉक्टरांकडून कागदावर तीन आकडे लिहून घ्या: एका वेळचे मिलिग्रॅम, किती आठवड्यांनी, आणि कोणत्या नावाचं औषध. मग निदान तीन ठिकाणी भाव काढा. मूळ कंपनीच्या ओमालिझुमॅबशिवाय भारतात तयार होणारं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतंजुळतं दुसऱ्या कंपनीचं औषधही मिळतं. ते चालेल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. छापील किमतीवर सवलत द्यायला अनेक वितरक तयार असतात. रुग्णालयातल्याच मेडिकलमधून घेण्याची सक्ती तुमच्यावर करता येत नाही. राज्यातल्या खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची, असं २०२१ च्या सुधारित नियमांत आहे, ते वाचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, आणि मेपोलिझुमॅबवर तर तो शून्य आहे. बिलावर जुना दर दिसला तर विचारा.

काही कंपन्या ‘इतकी घ्या, इतकी मोफत’ अशी मदत योजना देतात. घ्यायला हरकत नाही. पण मोफतच्या व्हायल संपल्यावर दर काय राहील, ते आजच लिहून घ्या. मुलाला गुण आल्यावर पैशासाठी औषध थांबवावं लागणं हे आईबापांना फार जड जातं.

चार महिन्यांचीच तयारी करा

वर्षभराचे पैसे एकदम उभे करू नका. ओमालिझुमॅबचा उपयोग होतो आहे की नाही, हे साधारण १६ आठवड्यांनी ठरवायचं असतं. दर चार आठवड्यांच्या हिशेबाने तोवर चार डोस होतात. सुरू करण्याआधीच एका वहीत आकडे लिहा: गेल्या वर्षात किती झटके, किती वेळा ॲडमिट, किती वेळा स्टिरॉइडच्या गोळ्या, शाळेचे किती दिवस बुडाले. चार महिन्यांनी तीच वही डॉक्टरांसमोर उघडा. फरक स्पष्ट असेल तर पुढे जा. काहीच फरक नसेल तर थांबायचं का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. फरक अर्धामुर्धा असेल तर डॉक्टर आणखी काही महिने पाहू शकतात. या सगळ्या काळात पंप चालूच राहतो, त्यामुळे त्याचा खर्च या हिशेबात मिळवा.

टोचायचं कुठे, न्यायचं कसं

हे औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं. पुण्याच्या दुकानातून घेतलेली व्हायल एप्रिलच्या उन्हात पिशवीत टाकून एसटीने आणली, तर पैसे पाण्यात. बर्फाच्या पॅकसह कोल्ड बॉक्स मागून घ्या, औषध बर्फाला थेट चिकटू देऊ नका, गोठू देऊ नका. घरच्या फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवायची वेळ येऊ नये. वीज कधी जाईल सांगता येत नाही. ज्या दिवशी टोचायचं त्याच दिवशी रुग्णालयाने मागवून द्यावं, ही सगळ्यांत बरी सोय.

थोड्या रुग्णांना, हजारात एक-दोघांना, ओमालिझुमॅबची तीव्र ॲलर्जी येऊ शकते. म्हणून पहिल्या तीन डोसनंतर दोन तास आणि पुढे प्रत्येक वेळी अर्धा तास दवाखान्यातच थांबायचं असतं, आणि तिथे ॲड्रेनॅलिन आणि ऑक्सिजन हाताशी हवा. गावातल्या कंपाउंडरकडून टोचून घेऊन शंभर रुपये वाचवू नका. पण दर वेळी पुण्याला जाण्याचीही गरज नसते. पहिले डोस पुण्यात झाले आणि सगळं सुरळीत असेल, तर पुढचे बारामतीच्या एखाद्या सुसज्ज बाल रुग्णालयात देता येतील का, ते पुण्याच्या डॉक्टरांना विचारा आणि तशी चिठ्ठी घ्या. बारामतीहून पुणे सुमारे १०० किलोमीटर, इंदापूरहून सुमारे १४०. इंदापूर, पळसदेव, भिगवणकडच्या लोकांना बारामती जवळ पडते. इंदापूरहून सोलापूर सुमारे ११० किलोमीटर आहे आणि तिथेही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे.

प्रवासाचा खर्च लहान वाटतो, पण वर्षातून १३ किंवा २६ फेऱ्या आणि प्रत्येक फेरीला एक बुडालेली मजुरी, हे मोजा. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि ५ ते १२ वर्षांच्या मुलालाही अर्धं, त्यामुळे आई आणि मूल मिळून एकाच पूर्ण तिकिटात जाऊन येतात. पैशाची ओढ असेल तर आईनेच न्यावं.

पैसे कोण देईल?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण ती रुग्णालयात भरती होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. महिन्याला येऊन टोचून घरी जायचं इंजेक्शन तिच्या रचनेत बसत नाही, त्यामुळे त्या भरवशावर सुरुवात करू नका. झटका येऊन मुलाला ॲडमिट करावं लागलं तर मात्र पहिल्या तासातच रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, म्हणजे आरोग्यमित्राला गाठा. योजनेचा फोन १५५३८८.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. बारामतीचं सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आणि इंदापूरचं उपजिल्हा रुग्णालय त्यात येतात. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याची असल्याने तिथे शुल्क असू शकतं. साधे पंप आणि वाफ यांचा खर्च इथे वाचवा. आणि एक कमी वापरली जाणारी वाट: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं. त्यांच्या तपासणीच्या आजारांत दम्यासारखा श्वासनलिकेचा त्रासही आहे. शिक्षकांना आधी सांगून ठेवा आणि पथकाकडून संदर्भचिठ्ठी घ्या.

बारामती एमआयडीसीत नोकरी असेल, पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि ईएसआय कापला जात असेल, तर मुलाचाही उपचाराचा हक्क आहे आणि त्यात रकमेची वरची मर्यादा नाही. ईएसआयच्या डॉक्टरकडून रेफर होऊनच पुढे जा. आधी खासगीत खर्च करून नंतर मागू नका.

खासगी आरोग्य विमा असेल तर पॉलिसी नीट वाचा. ही इंजेक्शनं मोनोक्लोनल अँटीबॉडी या प्रकारातली आहेत. टोचून द्यायच्या मोनोक्लोनल अँटीबॉडीचा उपचार विमा नियामकाच्या ‘आधुनिक उपचारां’च्या यादीत आहे, कंपनीला तो सरसकट वगळता येत नाही, मात्र त्यावर वेगळी मर्यादा घालता येते. ‘२४ तास भरती नव्हती’ या कारणावरून दावा नाकारला जाऊ शकतो, म्हणून डे-केअर म्हणून आधीच लेखी मंजुरी घ्या. नकार आला तर कंपनीकडे लेखी तक्रार आणि त्यानंतर पुण्यातल्या विमा लोकपालाकडे अर्ज. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. दमा पॉलिसी काढताना लपवला असेल तर मात्र हात बांधले जातात.

पुण्यातल्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा आणि इंजेक्शन डे-केअर भरती दाखवून निर्धन रुग्ण निधीतून देता येईल का, असा लेखी अर्ज करा. दाखला काढायला वेळ लागतो. डॉक्टरांनी नाव काढलं त्याच आठवड्यात तहसील कार्यालयात अर्ज टाका.

इंजेक्शन सुरू असो वा नसो, झटका कधीही येऊ शकतो. मूल बोलताना वाक्य पुरं करू शकत नसेल, श्वासासोबत बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर स्पेसरमधून साल्ब्युटामॉल द्यायला सुरुवात करा आणि १०८ ला फोन लावा. या रुग्णवाहिकेत ऑक्सिजन असतो आणि तिचे पैसे द्यावे लागत नाहीत.